दोन हिसके

रविवार, ४

आत्याने आज माझं भविष्य सांगितलं. हातात चमचा होता. तो माझ्याकडे रोखून ती म्हणाली, "लिहून ठेव. तू लग्न केलंस तर त्याच्याशीच करशील."

"कोणाशी?"

"माझ्या मैत्रिणीच्या भाच्याशी."

"मी त्याला पाहिलेलंही नाही."

"म्हणून तर आधी सांगतेय."

तर लिहून ठेवते आहे. वही कोरी होती आणि तिच्यात लिहावं असं गेल्या वर्षभरात काही घडलेलं नव्हतं.

मी तेहतीस वर्षांची आहे. चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांच्या नाकावर काचा नीट बसवणं हे माझं काम, आणि ते मला चांगलं येतं. माझ्या दोन खोल्या आहेत. खालच्या मजल्यावर आत्या राहते. तिच्याकडे माझी किल्ली आहे आणि ती वापरताना दार वाजवायचं असतं हे तिला मान्य नाही. मला काहीतरी कमी आहे असं जगात फक्त तिला वाटतं.

भाच्याबद्दल ती आणखी सांगायला लागली तेव्हा मी कानांत बोटं घातली. तरी एक गोष्ट आत आलीच. त्याच्याकडे तीन पायांचं मांजर आहे. म्हणजे माणूस दयाळू असणार. दयाळू माणसांची मला धास्ती वाटते. ती आपल्याला सोडत नाहीत.

मंगळवार, ६

आत्याने रविवारी दोघांना चहाला बोलावलंय. मैत्रीण आणि भाचा. मला विचारलं नाही, कळवलं.

मी म्हणाले, "रविवारी मला जमणार नाही. तालीम आहे."

"कसली तालीम?"

"नाटकाची," मी म्हणाले. हे कुठून तोंडात आलं देव जाणे. मी शाळेत एकदा झाड झाले होते, तेवढंच.

आत्या भांडी पुसत होती. ती जरा थांबली. मग म्हणाली, "नाटकाची? त्या जुन्या छापखान्यात करतात, त्या लोकांत? पाण्याच्या टाकीमागे? तिकडे मुळीच जाऊ नकोस. रोज संध्याकाळी सहाला सुरू करतात आणि कुणालाही आत घेतात. मला ते अजिबात चालायचं नाही."

मला तो छापखाना ठाऊकच नव्हता. रागाच्या भरात तिने पत्ता आणि वेळ दोन्ही सांगून टाकलं. वय झालंय तिचं.

बुधवार, ७

गेले. घेतलं.

गुरुवार, ८

काल फार दमले होते म्हणून आज सविस्तर.

छापखान्यातली यंत्रं कधीच गेली. शाईचा वास मात्र राहिला आहे. एका टोकाला लाकडी रंगमंच, समोर एकमेकींशी न जुळणाऱ्या खुर्च्या. दिग्दर्शन करतात त्यांना सगळे बाई म्हणतात. त्या निवृत्त पोहण्याच्या शिक्षिका आहेत आणि शिट्टी अजून गळ्यात असते. मी दारात उभी राहिले तर त्यांनी विचारलं, "वाचता येतं?"

"येतं."

"हळू आवाजात?"

"येतं."

"मग बसा खोक्यात."

प्रॉम्प्टर गेल्या आठवड्यात बाळंतपणासाठी गेली, म्हणून जागा रिकामी होती. रंगमंचाच्या कडेला प्लायवूडचं एक खोकं आहे, आत स्टूल आणि दिवा. तिथे बसून संहिता धरायची आणि नट अडकला की पुढची ओळ कुजबुजायची. माझं नाव तिथल्या तिथे कुजबुज पडलं.

या मंडळींचा एक नियम आहे. आत आलं की आपलं नाव बाहेर. प्रयोग होईपर्यंत कुणी कुणाचं खरं नाव, काम, घर विचारायचं नाही. ज्याने विचारलं त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. बाई म्हणतात, नाव घेऊन आलेला माणूस रडताना लाजतो. राजाचं काम करणारा दंतवैद्य आहे हे मात्र सगळ्यांना माहीत आहे, कारण तो बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहत नाही, दातांकडे पाहतो. द्वारपालाच्या अंगाला पावाचा वास येतो, तेव्हा तेही उघडच आहे.

नाटक फार जुनं आहे. राजाला भाकीत ऐकवतात की तू भावाच्या हातून मरशील. राजा भावाला हद्दपार करतो. शिवाय हुकूम काढतो की अंधार पडल्यावर जो कोणी नाव न सांगता किल्ल्याच्या दाराशी येईल त्याला विचारपूस न करता मारावं. पण भाऊ राजावर जीव टाकणारा. त्याचं रक्षण करायचं म्हणून तो दाढी वाढवून परत येतो आणि त्याच दारावर द्वारपाल म्हणून राहतो. शेवटच्या अंकात राजा वेश बदलून शहरात जातो, उशिरा परततो, आणि आपलं नाव घेतलं तर शत्रूला कळेल म्हणून घेत नाही. द्वारपाल हुकूम पाळतो. पडदा.

मी घरी येताना सगळा रस्ता चिडलेली होते. एवढा हुशार माणूस. नाव सांगायला काय झालं होतं?

रविवार, ११

आत्याचा चहा टळला. मी तालमीला. तिने फार त्रागा केला नाही. म्हणाली, "तोही नाही येऊ शकला म्हणे. त्यालाही काही काम निघालं." बरं झालं. निदान समोरचा तरी शहाणा दिसतो.

आज पडद्याचा माणूस आला. जुन्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. नवा उंच आहे, चष्मा लावतो, आणि त्या चष्म्याची एक दांडी तारेने बांधलेली आहे. मला नजर हटवता येईना. चष्म्यावरून म्हणते मी. बाईंनी त्याचं नाव दोरीवाला ठेवलं.

तो किल्ल्याच्या दारामागे, शिडीवरच्या फळीवर उभा असतो. तिथून त्याला रंगमंच दिसत नाही. पूर्वी लाल दिवा लावून खूण करत, पण तो दिवा लागला की अख्ख्या छापखान्यातली वीज जाते. म्हणून बाईंनी एक सुतळी आणली. एक टोक त्याच्या मनगटाला, दुसरं माझ्या. एक हिसका म्हणजे तयार. दोन म्हणजे पाड.

"गाठ घट्ट नको ना?" त्याने मला विचारलं.

"सुटली तर पडदा राहील," मी म्हणाले.

"मग असू दे घट्ट."

गुरुवार, १५

चहाच्या वेळी वाद झाला. मी म्हटलं, राजाला कुणीही अडवलं नव्हतं. प्रत्येक दाराशी तो स्वतःच्या पायांनी गेला. वाटलं असतं तेव्हा थांबू शकला असता.

दोरीवाला म्हणाला, "भाकीत ऐकवलंच नसतं तर?"

"तर काय?"

"तर भाऊ घरात राहिला असता. हुकूम निघाला नसता. राजा म्हातारा होऊन खोकल्याने मेला असता. मला वाटतं, मारलं ते भाकितानेच. ज्याला पळवायचं त्याला घाबरवायचं, आणि वाट एकच मोकळी ठेवायची."

"असं कुणी करत नाही," मी म्हणाले.

राजा म्हणाला, "दोन अंक मी अक्कल चालवतो आणि त्या अकलेनेच मरतो. माझे पेशंट येणार आहेत बघायला. उद्या त्यांना दाढ काढूया म्हटलं तर कोण विश्वास ठेवेल?"

बाई म्हणाल्या, "लिहिणाऱ्याने तुम्हाला विचारलं नव्हतं. कप धुवा."

मला माझ्या खोक्यातलं काम आवडायला लागलंय. राजा काय बोलणार ते मला आधी ठाऊक असतं. तो चाचपडतो, मी कुजबुजते, तो तेच बोलतो, आणि त्याला प्रामाणिकपणे वाटतं की आपल्याला आठवलं. माणसं किती भोळी असतात.

सोमवार, १९

दुसऱ्या अंकात एक लांबलचक प्रवेश आहे. राजा एकटाच बोलतो आणि तो भाग त्याला पाठ आहे. मला काम नाही, दोरीवाल्यालाही नाही. आज त्या प्रवेशात मनगटाला एक हळू हिसका बसला. मी दचकले. मध्यंतरात विचारलं, "काय झालं होतं?"

"काही नाही. आहात का ते बघत होतो."

"कुठे जाणार?"

"तिथे वर काही दिसत नाही हो. वाटतं, खाली सगळे घरी गेले आणि मी एकटाच दोरी धरून उभा आहे."

मी म्हटलं, पुन्हा विचारलंत तर दोनदा ओढीन. म्हणजे आहे.

"दोन म्हणजे पाड ना?"

"तिसऱ्या अंकात दोन म्हणजे पाड. दुसऱ्यात दोन म्हणजे आहे. तिसऱ्यात हे सगळं बंद."

"ठरलं," तो म्हणाला.

संध्याकाळभर आम्ही बरेच वेळा विचारलं आणि सांगितलं. राजा एके ठिकाणी अडकला आणि मला पान सापडेना. तो मुकुट सावरत उभा. मग त्याने स्वतःच्या मनाची एक ओळ जोडली. वाईट नव्हती.

मंगळवार, २०

दुकानात एका आजोबांना जवळचा चष्मा दूरचा म्हणून दिला. ते निघून गेल्यावर कळलं. पळत गेले. ते म्हणाले, मलाही वाटलंच, रस्ता फार जवळ आलाय.

मला सर्दी होणार बहुतेक. डोकं हलकं लागतंय.

शुक्रवार, २३

तो तारेचा चष्मा मला सहन होईना. चहाच्या वेळी सरळ त्याच्या नाकावरून काढला. राजा दवाखान्यातून आणतो त्या हत्यारांच्या पिशवीत बारीक चिमटा होता. तार सोडवली, स्क्रू फिरवला, दांडी किटलीच्या वाफेवर धरून कानामागचा वाक थोडा वाढवला, नाकावरच्या गाद्या जवळ घेतल्या. मग त्याच्या चेहऱ्यावर ठेवून, दोन्ही बाजूंना समान आहे ना ते पाहिलं. ते पाहायला थोडं जवळून पाहावं लागतं.

"हे कुठे शिकलात?" त्याने विचारलं.

"बाहेरचं विचारायचं नाही."

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू चष्म्याचा नंबर बदललाय. मग म्हणाला, "मी सगळ्यांना चहा पाजतो." आणि पाजला, बिस्किटांसकट. नंतर शिडीवर चढून एकटाच हसत होता. मला वाटतं त्याला राग आला. काही पुरुषांना आपल्या वस्तूला हात लावलेला आवडत नाही.

शनिवार, २४

राग आलेला नाही. आज मला तू म्हणाला. मीही म्हणाले. कुणाला काही वाटलं नाही. फक्त बाईंनी शिट्टी वाजवली, पण त्या कशालाही वाजवतात.

तो म्हणाला, "खरं सांगू? मी एका गोष्टीतून पळून इथे आलोय."

"मीपण," मी म्हणाले.

"मावशीने बजावलं होतं, त्या छापखान्याकडे फिरकू नकोस, तिथे दोऱ्या ओढायला माणूस शोधतायत, कंबर धरेल. ते ऐकलं आणि तडक इकडेच आलो."

मी खूप हसले. म्हटलं, माझी आत्याही अगदी अशीच. जगभरच्या बायका सारख्याच असतात, नको म्हणायची सवय. तो माझ्याकडे बघत होता. काहीतरी बोलणार होता. मग म्हणाला, "तू फार हुशार आहेस." हे त्याने अशा सुरात का म्हटलं कळलं नाही.

रविवार, २५

वाईट बातमी. त्याच्या घरी कोणीतरी आहे.

तालीम लांबली तेव्हा तो म्हणाला, "मला निघायला हवं. ती दाराशी बसून राहते." राजाने विचारलं, "कोण?" आणि तो म्हणाला, "नियम." मग जाताना जिन्यात स्वतःशी म्हणाल्यासारखं, "बिचारीला जिना उतरवत नाही, उचलून न्यावं लागतं."

मला काय त्याचं. आई असेल. आईला कुणी बिचारी म्हणत नाही. त्याच्या मनगटांवर ओरखडे असतात, हे मी आधीच पाहिलं होतं. म्हणजे आजारी आहे, आणि वर रागीटही. तो तिला उचलून नेतो.

आज दुसऱ्या अंकात त्याने विचारलं. मी उशीर केला. मग दोनदा ओढलं. त्याच्या घरच्या परिस्थितीत त्याला तेवढा आधार तरी असावा.

बुधवार, २८

आत्या वर आली होती. तिने लग्नाचा विषय काढला नाही. भाच्याचं नावही नाही. उलट तालमीला उशीर होतोय म्हणून मला पिटाळलं. अखेर तिने हात टेकले. आपण ठाम राहिलं की लोक बदलतात, हे मी कुणाला तरी सांगायला हवं. दोरीवाल्याला सांगितलं. तो खोकायला लागला.

शुक्रवार, ३०

आज रंगीत तालीम. मी हे शांतपणे लिहिणार आहे.

तिसरा अंक. राजा दाराशी आलेला, द्वारपालाने भाला उचललेला. तेवढ्यात दाराखालून एक मांजर आलं. ते दोघांच्या मधोमध जाऊन बसलं आणि अंग चाटू लागलं. करडं, गुबगुबीत. मग उठलं आणि डुलत चाललं. त्याला तीन पाय होते. मी पुन्हा मोजले.

वरून दोरीवाल्याचा आवाज आला, "माफ करा, माफ करा, शेजारीण गावाला गेलीय. टोपलीचं झाकण उघडं राहिलं. तिला जिना उतरवत नाही, पण रंगमंच आवडलेला दिसतो."

ती. जिना. ओरखडे. बाईंनी शिट्टी वाजवली. राजा म्हणाला, "हे आधीच्या आवृत्तीत नव्हतं."

मी मनगटाची सुतळी सोडली आणि बाहेर आले. पाण्याच्या टाकीपाशी तो मागोमाग आला. मांजर काखेत.

"तू तो आहेस," मी म्हणाले. "मैत्रिणीचा भाचा."

"आणि तू चष्म्याच्या दुकानातली. मावशीने सांगितलं होतं. शिष्ट आहे म्हणाली."

"केव्हापासून माहीत आहे तुला?"

"माझा चष्मा सरळ केलास त्या दिवसापासून."

"मग पळाला का नाहीस? पळूनच आला होतास ना?"

"मनगटाला दोरी होती," तो म्हणाला.

मला हसू येणार होतं, ते मी गिळलं. म्हटलं, "आत्याने भविष्य सांगितलं होतं. चमचा रोखून. तिच्यापासून पळाले आणि नेमकी इथे आले. मी हो म्हटलं तर ते माझं हो नसेल. तिचं असेल."

"मी अजून काही विचारलेलं नाही."

"विचारूही नकोस. मी नाही म्हणणार आहे."

"का?"

"कारण तेच फक्त माझं असेल."

त्याने मांजर दुसऱ्या काखेत घेतलं. "म्हणजे तुला जे हवं आहे ते सोडलंस, तरच तू मोकळी?"

याला उत्तर होतं. ते मला अजून आठवायचं आहे. मी घरी आले.

शनिवार, ३१. सकाळ

झोप नाही. ठरलंय. आज प्रयोग होईल, मी माझं काम करीन, दोरी सोडीन, आणि संपलं. दुसऱ्या अंकात त्याने विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. राजा थांबू शकला नाही, मी थांबून दाखवते.

निळी साडी नेसणार होते. आता नेसणार नाही. तो निळी आवडते म्हणाला होता.

शनिवार, ३१. प्रयोगानंतर

निळीच नेसले. दुसरी इस्त्री केलेली नव्हती.

खुर्च्या भरल्या होत्या. आत्या तिसऱ्या रांगेत. तिच्या शेजारी एक अनोळखी बाई, दोघी एका पुडीतून शेंगदाणे खात होत्या आणि पडदा उघडण्याआधीच हसत होत्या. शोकांतिकेला आलोय याचं भान नसलेली माणसं असतात.

पहिला अंक नीट. दुसऱ्या अंकात, त्या लांबलचक प्रवेशात, हिसका आला. मी हात मांडीखाली धरला. थोड्या वेळाने पुन्हा आला, आधीपेक्षा हळू. मी संहितेतली एकच ओळ वाचत राहिले. मग पुन्हा आला नाही. राजाचं भाषण मी इतकं लांब कधी ऐकलं नव्हतं. वर फळीवर त्याला काही दिसत नाही, हे मला माहीत होतं. खाली सगळे घरी गेलेत असं त्याला वाटत असेल.

तिसरा अंक. राजा काळी घोंगडी पांघरून दाराशी. द्वारपालाने विचारलं, कोण आहेस. राजा गप्प. छापखान्यात कुणी खोकतही नव्हतं. माझा पडद्याचा हिसका यानंतर अजून पानभर लांब होता. भाला खाली येणार, राजा पडणार, द्वारपाल त्याच्या तोंडावरचं कापड काढणार, भावाला ओळखणार, किंचाळणार. मग दोन.

द्वारपालाने भाला उचलला. आणि माझ्या मनगटाला हिसका बसला. एक. अगदी हळू.

तिसऱ्या अंकात हे बंद असं ठरलं होतं. त्यानेच ठरलं म्हटलं होतं. मी काहीच ठरवलं नाही. मी विचारसुद्धा केला नाही. माझ्या हाताने दोनदा ओढलं. आहे.

आणि पडदा पडला.

राजा जिवंत. भाला हवेत. पडद्यामागून द्वारपालाचा आवाज सगळ्यांनी ऐकला, "अरे, अजून मारलं नाही मी."

कुणी हललं नाही. मग तिसऱ्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली. मला तो हात ओळखीचा वाटला. मग सगळेच उठले. एक माणूस डोळे पुसत शेजाऱ्याला सांगत होता, "सोडला. बघितलंस ना, त्याने सोडला त्याला." बाई विंगेत पुतळ्यासारख्या उभ्या होत्या. टाळ्या थांबेनात तशा बाहेर गेल्या, वाकून नमस्कार केला, आणि आत येऊन मला म्हणाल्या, "उद्या पण इथेच पाडायचा."

"बाई, चूक झाली माझी."

"ती उद्या वेळेवर करा."

राजाने मला मिठीच मारली. त्याचे पेशंट खूश होते. द्वारपाल नाराज. म्हणाला, महिनाभर किंचाळी घोटून ठेवली होती, आता ती मी कुठे काढू. बाईंनी त्याला मागच्या अंगणात नेलं आणि तिथे काढू दिली. फारच चांगली होती.

मी शिडी चढून वर गेले. तो पडद्याची दोरी धरून तसाच उभा होता.

"तू विचारलंस," मी म्हणाले. "तिसऱ्या अंकात."

"हो."

"मी आहे म्हणाले. पाड नव्हते म्हणाले."

"दोन म्हणजे पाड."

"तुला कळलं होतं ना, मी काय म्हणाले ते?"

तो चष्मा काढून पुसायला लागला. बराच वेळ पुसला. "हात आधी खाली आला," तो म्हणाला. "कळलं ते नंतर."

"माझंही तसंच झालं."

आम्ही फळीवर बसलो. मी त्याला सांगितलं की मला आता काही उत्तर आठवत नाही, पण हे मी कुणाच्या सांगण्यावरून केलं नाही एवढं नक्की, कारण मला स्वतःलाच विचारायला वेळ मिळाला नव्हता. तो म्हणाला, याच्यावर नीट वाद घालायला हवा, निदान तीस-चाळीस वर्षं. मी म्हटलं, हा प्रश्न आहे का. तो म्हणाला, नियमाप्रमाणे आता नावं सांगायला हरकत नाही. त्याने सांगितलं. मीही सांगितलं. दोघांना एकमेकांची नावं आवडली नाहीत. दोरीवाला आणि कुजबुज बरं आहे.

रविवार, १

दुसरा प्रयोग. चूक वेळेवर केली. मुद्दाम केलेली चूक अवघड असते. आधी एक हिसका आलाच. मला वाटतं तो आता रोज येणार.

शेवटी द्वारपालाने एक ओळ घुसडली. भाला वर धरून म्हणाला, "नाव सांग बाबा, एवढं काय त्यात." लोक हसले. बाईंनी ती ठेवली.

गुरुवार, ५

आज आत्याला सांगितलं. सरळ, एका दमात. ती जिंकल्यासारखं तोंड करेल म्हणून मी तयारीत होते. ती कप धूत होती.

"असं?" ती म्हणाली. "कोण तो?"

"तुझ्या मैत्रिणीचा भाचा."

"अगबाई. तोच का तो. मी तर विसरूनच गेले होते."

"आत्या, एक समज. तू म्हणालीस म्हणून नाही हं. तू म्हणालीस त्याच्या उलट मी वागले, आणि मग माझं मी ठरवलं."

"तुझं तूच ठरवणार. मी कोण बोलणारी?" तिने कप उपडा ठेवला. मग भुवया चढवल्या. "फक्त एक सांगते. घाई करू नका. वर्षभर थांबा. निदान पुढच्या महिन्यात तर मुळीच नको. ग्रंथालयावरचं ते छोटं सभागृह पुढच्या महिन्यात रिकामं असतं, शनिवारी स्वस्तात मिळतं, म्हणून लोक उडी मारतात आणि मग पस्तावतात. मला ते अजिबात चालायचं नाही."

हद्द झाली. माझं लग्न, आणि केव्हा करायचं ते ही ठरवणार. सभागृह रिकामं असतं हे मला ठाऊकसुद्धा नव्हतं. दुकान बंद झाल्यावर त्याला गाठलं. गंमत म्हणजे त्याच्या मावशीनेही नेमकं हेच बजावलंय. तो काहीतरी सांगायला लागला, मग माझ्याकडे बघून थांबला आणि म्हणाला, "चल, तू म्हणशील तसं."

ग्रंथालयात जाऊन तारीख पक्की केली. पुढच्या महिन्यातला दुसरा शनिवार. आत्याला अगदी शेवटी सांगणार. कळू दे तिलाही, की कुणी सांगितलं म्हणून माणसाचं आयुष्य चालत नसतं.

खालून तिच्या गुणगुणण्याचा आवाज येतोय. बिचारी.